पुरणात उलथनं उभं राहतं का?

"डॉक्टर, हल्ली फार विसरायला होतं," असं म्हणत जो एकटा येतो आणि काय काय विसरलो ते धडाधड सांगतो, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती सुनेनं आणलेल्या, "मला काही झालेलं नाही" म्हणणाऱ्या माणसाची. आज वार कोणता विचारलं की त्याची मान उत्तरासाठी सुनेकडे वळते.

वयानुसार मेंदू मंदावतो. लग्नात भेटलेल्याचं नाव जिभेवर अडतं आणि रात्री दुधाला विरजण लावताना आठवतं. हे चालायचंच. डिमेन्शियात हातातलं रोजचं कामच सुटत जातं: हिशेब जमत नाही, नेहमीच्या गल्लीत वाट चुकते.

मी अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं घड्याळ काढायला सांगते. मिनिटकाटा दोनवर हवा. पण कानावर 'दहा' पडलेलं असतं, म्हणून काहींचा काटा दहावर जातो. शाळेत न गेलेल्या आजींना ही परीक्षा देणं अन्यायाचं. त्यांना विचारते, पुरण झालं हे कसं ओळखता? "उलथनं उभं राहिलं की," असं उत्तर येतं. मग लेकीला विचारते, यंदा होळीला पुरण कुणी घातलं? खरी माहिती तिथे मिळते.

"जुनं सगळं आठवतं हो त्यांना!" हे घरचे दिलासा म्हणून सांगतात. तो दिलासा नव्हे. अल्झायमरमध्ये बहुधा आधी हिप्पोकॅम्पस झिजतो, नव्या आठवणी रुजवणारा भाग. म्हणून शाळेतले मास्तर आठवतात आणि सकाळचे पोहे आठवत नाहीत. शिवाय हा आजार फक्त म्हाताऱ्यांचा नाही. आलोइस अल्झायमर यांनी 1901 साली फ्रँकफर्टमध्ये तपासलेल्या ऑगस्टे डेटर अवघ्या 51 वर्षांच्या होत्या.

अल्झायमर बरा करणारं औषध नाही. पण प्रत्येक विसराळूपण अल्झायमर नसतं. बी-12ची कमतरता, मंदावलेलं थायरॉईड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यांवर उपचार आहेत. "वय झालं" म्हणून घरी बसवलं, तर हे सापडणार कसं? ऐकू कमी येत असेल तर तेही तपासून घ्या. बहिरेपणाकडे दुर्लक्ष केल्यानं डिमेन्शियाचा धोका वाढतो. आणि येताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, झोपेच्या आणि सर्दीच्यासुद्धा. त्यातल्या काही गोळ्यांनीच म्हातारी माणसं गोंधळतात.