पर्यावरणशास्त्राच्या पदवीत काय शिकतात?

पर्यावरणशास्त्राची पदवी म्हणजे झाडे लावण्याचे प्रशिक्षण, हा समज बराच रूढ आहे.  प्रत्यक्षात पदवीला रसायनशास्त्र, भूशास्त्र, परिसंस्था (सजीव व परिसर यांची परस्परावलंबी व्यवस्था) आणि अनेकांना नकोसे वाटणारे संख्याशास्त्रही असते. डॉक्टर औषधाआधी रक्त तपासून घेतो, तसे येथे उपायाआधी मोजमाप येते. उदाहरणार्थ, सोलापूरजवळचा नान्नजचा माळ ओसाड दिसतो. तेथे झाडी वाढवावी असे कोणालाही वाटेल. पण माळढोक पक्ष्याला उघडे गवताळ रानच लागते. दाट वृक्षारोपणाने त्याचा अधिवास (राहण्याचे, चरण्याचे व विणीचे क्षेत्र) नष्ट होतो. म्हणून संवर्धनाचे विद्यार्थी आधी गवताच्या जाती, पक्ष्यांची संख्या आणि चराईचे प्रमाण नोंदवतात.