डिस्कवरची बारीक अक्षरं

पावसाळा सरत आला की रविवारी सिंहगडाच्या घाटात जळक्या ब्रेकचा वास हमखास येतो. बहुतेक वेळा तो चारचाकींचा असतो. त्या दिवशी मात्र तो एका सायकलीचा होता. वळणावरच्या कठड्याला सायकल टेकवून कॉलेजातला एक मुलगा पुढच्या चाकावर बाटलीतलं पाणी ओतत होता. चाकाच्या मधोमध असलेल्या पोलादी डिस्कवर पाणी पडलं की चर्र आवाज व्हायचा आणि वाफ निघायची. ती डिस्क माझ्या पंजाएवढीही नव्हती, आणि घाट अजून निम्मा उतरायचा होता.

एवढ्याशा पत्र्याच्या भरवशावर माणसं डोंगर उतरतात. मग तो पत्रा निवडतं कोण आणि कशावरून, हे पाहायचं ठरवून मी वारज्याजवळच्या एका सायकलच्या दुकानात जाऊन बसले. पुढं काचेआड नव्या सायकली आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्ती. तिथले मिस्त्री पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ढकललेला, बोलणं मोजकं. भिंतीवर खिळ्यांना बाद झालेल्या डिस्क टांगल्या होत्या. काहींवर निळी-जांभळी झाक होती, काही वाकलेल्या होत्या, एकीच्या दांडीला तडा होता. "गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की भिंतीकडं बोट दाखवतो," मिस्त्री म्हणाले.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक सॉफ्टवेअरवाले साहेब. सायकल झकास, हलक्या अ‍ॅल्युमिनियमची, पुढं शॉकअपचा चिमटा. त्यांना पुढं-मागं दोन्हीकडं २०३ मिलिमीटरच्या डिस्क हव्या होत्या. फोनवर फोटो तयार होता: काळी मधली चकती, तिच्यावर रिव्हेटनं जोडलेलं पोलादी कडं.

"वजन किती साहेब तुमचं?"

"पंच्याऐंशी. का?"

"आणि चालवता कुठं?"

"सिंहगड. कधी कधी ताम्हिणी."

मिस्त्रींनी चिमट्याच्या खालच्या टोकापाशी टॉर्च मारली, मॉडेल पाहिलं आणि फोनवर त्या कंपनीचं माहितीपत्रक उघडलं. "हा चिमटा १८०च्या पुढं चालत नाही. लिहिलंय इथं."

माउंटन बाइकच्या डिस्क साधारण १६०, १८०, २०३ अशा व्यासांत मिळतात. स्रॅम कंपनीची काही मॉडेलं २००ची आणि २२०चीही असतात. डिस्क जितकी मोठी, तितका पॅडचा दाब आसापासून लांब पडतो. त्यामुळं बोटांचा जोर तेवढाच ठेवून चाक जास्त ताकदीनं अडवलं जातं. १६०वरून १८०वर गेलं की ही ताकद सुमारे साडेबारा टक्के वाढते, आणि १६०वरून २०३वर गेलं की पाव हिश्श्याहून थोडी अधिक. पण अडवण्याचा तो सगळा ताण चिमट्याच्या पायावर येतो. म्हणूनच चिमटा बनवणारे कमाल माप ठरवून देतात. ते ओलांडलं तर ब्रेक चांगला लागेल, चिमटा टिकेल की नाही ते सांगता येत नाही.

मागच्या चाकाचा हट्ट मिस्त्रींनी एका वाक्यात मोडून काढला. ब्रेक दाबला की वजन पुढं झुकतं, मागचं चाक हलकं होतं, मोठी डिस्क लावली तर ते फक्त लवकर घसरतं. साहेबांना ते पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. पुढं १८० बसवायची, मागं १६० आहे तशीच ठेवायची, असं ठरलं.

मग हबचा प्रश्न आला. डिस्क हबला दोन तऱ्हांनी बसते. एकीत सहा बोल्ट असतात. दुसरी शिमानो कंपनीची सेंटर लॉक, तिला खाचा असतात आणि वरून एकच रिंग घट्ट आवळायची असते. सेंटर लॉकच्या हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टांची डिस्क बसवता येते, उलटं मात्र जमत नाही. साहेबांचा हब सहा बोल्टांचा निघाला आणि फोटोतली डिस्क खाचांची. तो विषय तिथंच संपला.

यानंतर मिस्त्रींनी जुनी डिस्क उतरवली आणि तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख आतल्या बाजूला सरकवलं. नख किंचित अडखळलं. पॅड जिथं घासतात तो पट्टा झिजून खाली गेलेला असतो आणि बाहेरची कड तशीच उंच उरते. नखाला लागली ती तीच पायरी. "व्हर्नियरनं मोजलं तर फसायला होतं," ते म्हणाले. "त्याचे सपाट जबडे दोन्ही बाजूंच्या कडेवर टेकतात आणि प्लेट नवीन असल्यासारखा आकडा दाखवतात." त्यांनी खणातून स्क्रू गेज काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच. त्याचं बारीक टोक झिजलेल्या पट्ट्यावर धरलं आणि मागची खुंटी दोन बोटांत फिरवली. टिक, टिक, टिक.

"एक पॉइंट बावन्न. दीडच्या खाली गेली की फेकायची."

शिमानोची नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाड असते. तिच्या दांडीवर बारीक अक्षरांत 'मिन. टीएच = १.५' असं कोरलेलं असतं. म्हणजे एकूण झिजायला मुभा ०.३ मिलिमीटरची, एकेका बाजूला जेमतेम ०.१५. सगळ्यांचा आकडा एकच नसतो. मागुराची डिस्क २ मिलिमीटरची असते आणि १.८ला बाद होते. त्यामुळं प्रत्येक डिस्कवर कोरलेलं वाचावं लागतं. पण मिस्त्रींकडं येणाऱ्या बहुतेक सायकलींना शिमानोच असतं, म्हणून त्यांच्या तोंडी सारखं दीड. दीड झालं का? दीडला किती उरलं? दुपारपर्यंत मीही प्रत्येक चाकाकडं त्याच आकड्यानं पाहू लागले होते.

जाडीचा इतका बाऊ का, हे घाटाच्या हिशेबातून कळतं. माणूस, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून ९० किलो धरा. सिंहगडाच्या रस्त्यानं वरच्या वाहनतळापासून पायथ्याला येताना उंची ६०० मीटरच्या आसपास कमी होते. म्हणजे सव्वापाच लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी घालवायची. एवढ्या ऊर्जेत माठातलं दीड लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापतं. थोडी ऊर्जा वारा खातो, थोडी टायर. तुम्ही जितके जपून आणि सावकाश उतराल, तितकी जास्त ब्रेकच्या वाट्याला येते. दोन्ही डिस्क मिळून वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. त्या ऊर्जेतली निम्मी जरी त्यांत साचून राहिली, तरी पोलाद लालबुंद होईल. तसं होत नाही, कारण फिरती डिस्क उष्णता सतत हवेत सोडत असते. डिस्क झिजून पातळ झाली की उष्णता धरून ठेवायला धातूच कमी उरतो, मग ती लवकर तापते आणि लवकर वाकते. हलकी म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या, भोकंच भोकं असलेल्या डिस्कची हीच गोची आहे. चिखल, पाणी आणि पॅडचा भुगा निघून जायला भोकं हवीतच. पण वजन घटवण्यासाठी धातू कोरत गेलं, तर घाटात त्याची किंमत मोजावी लागते.

उष्णतेचं हे दुखणं माउंटन बाइकइतकंच जुनं आहे. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतल्या फेअरफॅक्सजवळ १९७६ साली काही मंडळींनी एका कच्च्या रस्त्यावर उताराच्या शर्यती सुरू केल्या. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही नावं तिथलीच. त्यांच्या जुन्या दणकट सायकलींना उलटं पॅडल मारल्यावर हबच्या आत लागणारा ब्रेक असायचा. एका उतारातच तो इतका तापे की हबमधलं ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्या रस्त्याचं नाव पडलं रिपॅक. नंतर ब्रेक हबच्या पोटातून उघड्यावर आला, पुढं त्याला तेलाचा दाब मिळाला. डोंगर तेवढाच राहिला, माणसाचं वजनही.

म्हणून शिमानोच्या महागड्या डिस्कमध्ये पोलादाच्या दोन पातळ थरांच्या मधे अ‍ॅल्युमिनियम असतं. अ‍ॅल्युमिनियम उष्णता भराभर वाहून नेतं. काहींना वर अ‍ॅल्युमिनियमचे पंखही असतात. मिस्त्री त्यांना नाकं मुरडत नाहीत. लांबलचक उतार असतील तर त्या उपयोगी आहेत, असं ते मान्य करतात. पण सिंहगडासाठी साहेबांना साधी अखंड पोलादी, पूर्ण जाडीची १८०च त्यांनी दिली. मला वाटतं, बरोबर केलं.

दुसरं गिऱ्हाईक कोथरूडचं, हौशी. यांनी पावसाळ्यासाठी ऑनलाइन मागवलेले मेटल पॅड घरीच बसवले होते. मेटल पॅड चिखलात जास्त टिकतात, हे खरं. पण त्यांच्या डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं होतं. शिमानोच्या आरटी २६सारख्या स्वस्त डिस्कचं पोलाद मऊ असतं, ती फक्त रेझिनच्या पॅडसाठी असते. एका पावसाळ्यात पॅडनी तिला कोरून काढलं होतं. स्क्रू गेज फिरला. एक पॉइंट तीन. मिस्त्रींनी ती गिऱ्हाइकाच्या हातात दिली, भिंतीवर नाही टांगली. "घरी ठेवा दादा. पुढच्या वेळी पॅड मागवताना समोर असू दे."

तिसरा आला तो एक दहावीतला पोरगा, त्याच्या वडिलांसोबत. सायकलवर चमकदार स्टिकर, त्यावर 'डबल डिस्क'. सायकल जडशीळ, पोलादी. ब्रेक तेलाचा नव्हे, केबलचा. अशा ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो. तो डिस्कला ढकलून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो, म्हणजे दर ब्रेकला डिस्क थोडी वाकते. पोराच्या डिस्कला आउट होता, म्हणजे ती वाकडी फिरत होती. फिरवलं की सर्र, सर्र, सर्र.

"काका, मोठी डिस्क टाकू या ना," पोरगा म्हणाला.

"अरे बाळा, डिस्क टाकून काय होणार? केबल गंजलीय, पॅड संपलाय." मिस्त्रींनी डिस्क दोन बोटांत धरून खाच असलेल्या पट्टीनं दोन ठिकाणी अलगद वळवली. आवाज गेला. नवी केबल आणि नवे पॅड लावले, स्थिर पॅड डिस्कच्या जवळ आणून ठेवला. वडिलांनी विचारलं, डिस्कवाली घेतली ते चांगलं केलं ना? मिस्त्री क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढ्याच पैशात साध्या व्ही-ब्रेकवाली घेतली असती, तर सायकल चांगली आली असती." दुकानात काचेआड तसल्याच 'डबल डिस्क' सायकली ओळीनं उभ्या होत्या. मालक गल्ल्यावर होते, आणि मिस्त्रींनी आवाज खाली केला नाही.

साहेबांची १८० बसवणं हे काही मोठं काम नव्हतं. डिस्कवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं ठेवला, सहा बोल्ट आलटून-पालटून समोरासमोर आवळले, पॅड धरणाऱ्या कॅलिपरखाली १८०चा अडॅप्टर घातला आणि डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. वेळ गेला तो मापं जुळवण्यात. इथं मिस्त्री कुणाचं ऐकत नाहीत. २००च्या डिस्कखाली २०३चा अडॅप्टर आला, तर कॅलिपर दीड मिलिमीटर वर बसतो. पॅडचा वरचा काठ डिस्कच्या बाहेर राहतो आणि झिजत नाही. पुढं दोन्ही पॅडचे ते काठ डिस्कच्या वरून एकमेकांना भिडतात. लिव्हर दाबला तर जोर पॅडवर पडतो, डिस्कवर नाही. "इथंही दीडच," मी म्हणाले. मिस्त्री हसले.

पुढचं काम बरीच दुकानं टाळतात. मिस्त्रींनी सायकल स्वतः बाहेर काढली. गल्लीत वेग घ्यायचा, पुढचा ब्रेक दाबून चालण्याच्या वेगावर आणायची, पण पूर्ण थांबवायची नाही. पुन्हा वेग घ्यायचा. वीसेक वेळा. मग थोड्या जास्त वेगानं आणखी दहा. यानं पॅडचा बारीक थर डिस्कवर एकसारखा बसतो. न थांबण्याचं कारण असं, की तापलेल्या पॅडखाली डिस्क एका जागी उभी राहिली तर थर तिथंच जाड होतो आणि नंतर ब्रेक थरथरतो. शेवटच्या फेरीनंतर ते परतले तेव्हा तोच वास आला, घाटातला, पण अगदी पुसट. "एवढा यायला हवा," ते म्हणाले. "डोळ्यांत पाणी आणेल इतका आला तर उतरून थांबायचं."

घाटातल्या त्या मुलाबद्दल त्यांना सांगितलं. पाणी ओतल्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. तापलेल्या पातळ पत्र्यावर एका बाजूनं गार पाणी पडलं की तो पीळ धरतो. थांबायचं, सायकल सावलीत उभी करायची, डिस्कला बोट लावायचं नाही, बस. आणि घाटभर ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाआधी जोरात दाबायचा, मग पूर्ण सोडायचा, म्हणजे सोडलेल्या वेळात हवा डिस्कला गार करते. डिस्क विकणाऱ्या माणसानं दिलेला हा सल्ला फुकटचा होता, आणि कोणत्याही महाग डिस्कपेक्षा जास्त कामाचा.

एवढं पाहिल्यावर माझं मत साध्या डिस्कच्या बाजूनं झुकलं आहे. पूर्ण जाडीची पोलादी डिस्क घ्या. वजन जास्त असेल किंवा घाट नेहमीचा असेल, तर पुढं एक माप मोठी घ्या, पण चिमट्यासाठी जे कमाल माप ठरवून दिलंय त्याच्या आत. पॅड डिस्कवर लिहिलेलेच. उरलेले पैसे चांगल्या पॅडवर आणि मिस्त्रींच्या मजुरीवर घाला. येत्या रविवारी घाटात जायच्या आधी टॉर्च घेऊन डिस्कवरची बारीक अक्षरं वाचा, जाडी कुणाकडून तरी स्क्रू गेजनं मोजून घ्या. आकडा लिहिलेल्या मर्यादेखाली गेला असेल, तर गडावर जाऊन खायचं पिठलं-भाकरी त्या दिवशी घरीच खा.