आफ्रिकेतून आले, जामखेडहून गेले

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुष्काळ, हाडांचे सापळे झालेली मुले आणि इबोलासारख्या साथी उभ्या राहतात. 'तिथल्यासारखे आपल्याकडे नाही बुवा' असे म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण वाचकहो, आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत एकदा डोकावून पाहा. तिथे प्रत्येक मुलाच्या नावाचा वाढीचा तक्ता असतो. ताई मुलाचे वजन करतात, तक्त्यावर ठिपका देतात आणि ठिपके जोडून रेघ काढतात. रेघ वर चढत असेल तर मूल वाढते आहे. आडवी झाली तर कुठेतरी पाणी मुरते आहे. मूल वरकरणी हसतेखेळते दिसत असले तरी रेघ खोटे बोलत नाही.

ही साधी युक्ती घडली ती आफ्रिकेत. डॉ. डेव्हिड मॉर्ले हे इंग्लिश बालरोगतज्ज्ञ 1950 च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियातील एका खेड्यात काम करीत होते. आजारी मुलांवर उपचार करण्यापेक्षा मूल आजारी पडण्याआधीच ओळखावे, या विचाराने त्यांनी हे कार्ड तयार केले आणि ते दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती दिले. आपल्याकडे अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि वजनाचा तक्ता तिच्या कामाचा कणाच बनला. तेव्हा आफ्रिकेचे आपल्यावर थोडे ऋण आहेच.

जामखेडची वाट

या ऋणाची फेडही आपल्या महाराष्ट्राने केली आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आले. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले हे डॉक्टर शहरात सहज जम बसवू शकले असते. त्यांनी निवडला तो कायमचा दुष्काळी मुलूख. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यात ठेवून पाहिले, पण परक्या ठिकाणी त्यांचा पाय टिकेना आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. या बायका बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित समाजातल्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत आणि गावात जाऊन इतरांना शिकवीत. बाळंतपण कसे स्वच्छ करावे, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, पाणी कसे शुद्ध करावे, एवढेच ते ज्ञान. पण ते उंबरठ्यापर्यंत पोचले.

परिणाम काय झाला? संस्थेच्या नोंदीनुसार 1971 मध्ये त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 176 बाळे पहिला वाढदिवस पाहण्याआधीच दगावत. 1990 च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. कोणतेही मोठे यंत्र नव्हते, वातानुकूलित इमारत नव्हती. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून चाललेल्या प्रकल्पांचे पुस्तक काढले, त्यात जामखेडला स्थान मिळाले. 1978 च्या अल्मा आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली, तिच्यामागे जगभरच्या अशाच कामांचा अनुभव होता. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे जामखेडला प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि आफ्रिकेसह अनेक देशांतले कार्यकर्ते शिकायला येऊ लागले. तिथे त्यांना शिकवणाऱ्यांत आपल्या नऊवारीतल्या बायका होत्या, हे मला फार मोलाचे वाटते.

व्यवस्था म्हणजे इमारत नव्हे

आपल्याकडे 'आरोग्यसेवा सुधारली' म्हणजे नवी इमारत झाली, स्कॅनचे यंत्र आले, असा समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये व्यवस्थेचे सहा खांब सांगितले: प्रत्यक्ष सेवा, माणसे, नोंदी, औषधे व साधने, पैसा आणि कारभार. यातला एक खांब जरी खचला तरी छप्पर कलते. डॉक्टर आहे पण औषध नाही, औषध आहे पण नोंद नाही, नोंद आहे पण ती वाचून निर्णय घेणारा कोणी नाही, हे प्रकार आपल्याला अपरिचित नाहीत.

आफ्रिकेची खरी अडचण माणसांची आहे. 2006 च्या जागतिक आरोग्य अहवालात म्हटले होते, की जगाच्या आजारांच्या ओझ्यापैकी 24 टक्के ओझे आफ्रिकेवर आणि आरोग्य कर्मचारी मात्र अवघे 3 टक्के. तिथे शिकलेले डॉक्टर आणि नर्सेस इंग्लंड-अमेरिकेला जातात. 2014 मध्ये लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओन या देशांत इबोला पसरला, तेव्हा मुळातच मोजके असलेले डॉक्टर व नर्सेस रुग्णांची सेवा करताना मृत्युमुखी पडले. साथ आल्यावर व्यवस्था उभारता येत नाही. ती आधीच उभी असावी लागते.

इथिओपियाने हे ओळखले. 2003 पासून त्यांनी दहावी झालेल्या गावातल्याच मुलींना वर्षभराचे प्रशिक्षण दिले आणि साधारण पाच हजार वस्तीमागे दोघींना नेमले. तीस हजारांहून अधिक मुली अशा तयार झाल्या. महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या सरकारी पगारावर आहेत. 1990 च्या तुलनेत पाच वर्षांखालील बालमृत्यू दोन तृतीयांशाने घटवल्याचे 2013 मध्ये तिथे जाहीर झाले. त्यात लसी, पाणी, शिक्षण अशा अनेक गोष्टींचा वाटा आहे, पण त्या सर्व घरापर्यंत नेणारे हात या मुलींचे होते.

आपल्या दारातली ताई

आता आपल्याकडे वळू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तिथे एका महिन्याच्या आतील बाळांचे मृत्यू हजारी 62 वरून सुमारे 25 वर आले. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळाच्या घरभेटींची शिफारस केली आणि 2011 पासून आपल्या देशात ते काम आशाताईंकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ताईने घरी येऊन बाळ पाहायचे, असा नियम आहे.

माझ्या दवाखान्यात अशी बाळे येतात. काही वर्षांपूर्वी राधानगरी भागातली एक आशाताई सात दिवसांचे बाळ आणि त्याची आजी यांना घेऊन आली. 'बाळ शांत आहे, रडत नाही, किती गुणी!' असे घरचे म्हणत होते. ताईला मात्र बाळाचे पाय गार लागले आणि ते दूध ओढत नव्हते. मी लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. जंतुसंसर्ग होता. बाळ वाचले. माझे काम चिठ्ठी लिहिण्याचे. निदान ताईने केले होते.

म्हणून लक्षात ठेवा. बाळ दूध ओढत नसेल, हातपाय गार लागत असतील, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, नाळेतून पू येत असेल किंवा अंग पिवळे दिसत असेल, तर रात्र सरण्याची वाट पाहू नका.

2019 चा महापूर आठवा, 2020 ची कोरोनाची साथ आठवा. घरोघर कोण फिरले? मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. तरीही सरकारी दप्तरी ती अजून 'स्वयंसेविका'च आहे. कामागणिक मोबदला आणि वर मानधन. मोबदल्यासाठी तिला 2021 आणि 2023 मध्ये संपावर जावे लागले. गरीब इथिओपिया आपल्या मुलींना पगार देतो, आपण आपल्या ताईला टाळ्या देतो. टाळ्यांवर चूल पेटत नाही.

सरकारने काय करावे हे आपण मागू, मागायलाच हवे. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. ताई आली तर 'आम्ही खासगीत दाखवतो' म्हणून दारातूनच परत पाठवू नका. बाळ दाखवा, वजन करू द्या. ग्रामसभेत रस्ता आणि गटाराबरोबर उपकेंद्रात औषधे आहेत का, हेही विचारा. आणि पुढच्या वेळी अंगणवाडीत गेलात की आपल्या नातवंडाच्या तक्त्यावरची रेघ जरूर पाहा. ती वर जाते आहे ना?