कडी लावून केलेलं आसन

2025 च्या 19 जानेवारीला शिवाजीनगरच्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेला 50 वर्षं झाली. त्याच सुमारास बुधवार पेठेतला तो वाडा पाडला गेला, ज्याच्या माजघरात आम्हा बायकांचा योगवर्ग भरायचा. तिथे आता पार्किंगचे खांब उभे राहतायत. संस्थेबद्दल बरंच लिहून येईल. माजघराबद्दल कोण लिहिणार?

सुरुवातीचा इतिहास पुणेकरांना तोंडपाठ आहे. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले ते सहा महिन्यांच्या बोलीवर, आणि इथलेच होऊन गेले. 1952 मध्ये व्हायोलिनवादक मेन्युहिन भेटले, 1966 मध्ये त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ हे पुस्तक निघालं. हे सगळं नदीपलीकडे चाललं होतं. पेठेत व्यायाम म्हणजे तालीम, आणि तालमीत बायकांना जागा नव्हती. आमच्यापर्यंत योग पोचायला ऐंशीचं दशक निम्मं सरावं लागलं.

तिथून पुढचं दहाएक वर्षांचं पर्व मी विसरू शकत नाही. 1983 साली अय्यंगारांची मुलगी गीता अय्यंगार यांचं स्त्रियांच्या योगावरचं पुस्तक आलं होतं. पाळीत काय करावं, गरोदरपणी काय, पाळी जाताना काय, हे एक बाई उघडपणे सांगत होती. आम्हाला शिकवणाऱ्या बाई गीताताईंच्या पद्धतीने शिकलेल्या, आणि त्यांचा जीव होता उपविष्ट कोणासनावर. बसून दोन्ही पाय बाजूंना पसरायचे आणि जांघेतून पुढे वाकायचं. सांगायला एवढंच. पण ‘पाय जवळ घेऊन बस’ हे ऐकतच आम्ही वाढलेल्या. पहिल्या दिवशी पाय फाकवायची वेळ आली तेव्हा नातवंडं असलेल्या बायकांनीसुद्धा आधी उठून दाराला कडी लावली.

कडी लावूनही बोभाटा झालाच. ‘हे कसले घाणेरडे प्रकार’ म्हणून वाड्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मालकांकडे तक्रार नेली. तो शब्द मला आजही झोंबतो. त्यांच्या घरचं धुणं, पाणी, आजारपण ज्या शरीरांनी निभावलं, त्याच शरीरांना ते घाणेरडं म्हणत होते. मालकीणबाई स्वतः वर्गात यायच्या, म्हणून वर्ग टिकला.

बाईंना घाई खपायची नाही. शहाबादी फरशीवर भिंतीलगत सतरंजीची जाड घडी, तिच्या कडेवर बसायचं. बुडाखालचं मांस हातांनी मागे सारून बसायची हाडं नीट टेकवायची. टाचा फरशीत रोवायच्या, गुडघ्याच्या वाट्या आणि पायांची बोटं आढ्याकडे. वाट्या आत लवंडल्या की बाई दोन्ही हातांनी मांडी धरून फिरवायच्या आणि जागेवर आणायच्या. पाठ ताठ होईपर्यंत पुढे वाकायचं नाव काढायचं नाही. त्याचं कारणही त्यांनी समजावलं होतं. मांडीच्या मागचे स्नायू बसायच्या हाडापासूनच निघतात; ते आखडलेले असले की कटिभाग मागे कलंडतो, मग बाई कमरेतून वाकते आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो. जिला वाकणं जमायचं नाही तिच्यापुढे चौरंग, चौरंगावर उशी, उशीवर कपाळ. ‘ओटीपोट सोडा, कुणी बघत नाहीये,’ असं त्या हळूच म्हणायच्या, तेव्हा कळायचं की आपण जन्मभर पोट आवळूनच वावरलो.

पाळीत उलटी आसनं टाळून हे आसन आणि बद्ध कोणासन करा, असं गीताताई सांगत. त्यामुळे घरी जिला बाजूला बसवलेलं असायचं, ती आमच्या वर्गात हक्काने सगळ्यांच्या मधोमध बसायची. पेठेत हे धाडस होतं, आणि ते धाडस करणाऱ्या बायकांची नोंद कुठल्याही गौरव अंकात मला सापडली नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. बाई थकल्या. ऑगस्ट 2014 मध्ये अय्यंगार गुरुजी गेले. 2015 पासून 21 जूनचा योग दिन सुरू झाला. 16 डिसेंबर 2018 ला, वडिलांच्या जन्मशताब्दीनंतर दोनच दिवसांनी, गीताताईही गेल्या.

आणि आज हेच आसन मी मोबाइलवर बघते. पाय अगदी एका रेषेत, गुडघे आत लवंडलेले, पाठीला पोक, आणि छाती कशीतरी जमिनीला टेकवलेली. परवा शेजारची मुलगी वर्गातून लंगडत आली. शिकवणाऱ्याने मागून पाठीवर भार देऊन तिला खाली दाबलं होतं. बसायच्या हाडापाशी ओढ बसली की महिनोन्महिने जात नाही. पायरी चढताना कळ, गाडीवर बसताना कळ. शिकवणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने कुणाच्या पाठीला हात लावू नये. जमीन कपाळाला लागली की आसन झालं, असं या मुलींना सांगितलं कुणी? आमच्यातल्या कितीतरी जणींचं कपाळ कधीच खाली टेकलं नाही, आणि बाईंनी त्यांना कधी कमी लेखलं नाही.

वाड्यांच्या जागी उठणाऱ्या इमारतींत तळमजला गाड्यांना जातो. भाड्याच्या हॉलचा दर लग्नाचा, तो दहा बायकांना परवडत नाही. आम्ही उरलेल्या चौघी तुळशीबागेमागच्या एका फ्लॅटमध्ये दुपारी जमतो. कपाटं आणि टीव्ही सोडून रिकामी भिंत म्हणून एकीपुरतीच आहे, म्हणून आळीपाळीने बसतो. सुनांना, भाच्यांना बोलावून झालं. त्यांना ऑनलाइन वर्ग सोयीचा पडतो, आणि त्या वर्गात मांडी धरून फिरवणारे हात नसतात.