बाई, नाव काय तुमचं?

लग्नघरात नव्या सुनेला उंबऱ्यावर अडवून 'नाव घे, नाव घे' म्हणतात आणि ती बिचारी नवऱ्याचं नाव घेते. तिचं नाव कोण घेतं? भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत गड, घाट, धरणं आणि सरदार तोंडपाठ असलेली माणसं पैशाला पासरी मिळतील. (वेल्ह्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणायचं, एसटीची वाट बघणारे अजून वेल्हेच म्हणतात.) पण इथल्या बायकांची नावं विचारा, जिजाऊंच्या पुढे गाडी अडते. जरा धक्का मारून बघू.

चहाच्या थांब्यावरची दूधआई

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की कापूरहोळ लागतं. उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर-सासवड. बहुतेकांच्या लेखी हा चहाचा थांबा. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. त्यांच्या आई सईबाईंची तब्येत ढासळली होती, अंगावर दूध नव्हतं. तेव्हा याच कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातल्या धाराऊ पुढे आल्या आणि राजपुत्राला त्यांनी पाजलं. त्यांचे मुलगे अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांच्या चाकरीत राहिले. दूधभाऊच ते. धाराऊंचं नाव टिकलं, कारण पदराखालचं बाळ पुढे छत्रपती झालं. साध्या घरची बाळं पाजणाऱ्या किती जणी असतील, त्यांचा हिशेब कोण ठेवतो?

दोन महिन्यांचं अंतर

सईबाई गेल्या ५ सप्टेंबर १६५९ ला, राजगडावर. अफजलखान मारला गेला १० नोव्हेंबरला. म्हणजे शिवचरित्रातला तो सगळ्यात गाजलेला दिवस उजाडला तेव्हा शिवाजी महाराजांच्या घरचं दुःख जेमतेम दोन महिन्यांचं होतं आणि संभाजीराजे अडीच वर्षांचेही नव्हते. राजगडाच्या पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी दाखवतात. लोक तिच्यावरून नजर फिरवतात आणि 'बालेकिल्ला कुठून?' असं विचारत पुढे सटकतात.

मार्च १६६६ मध्ये महाराज याच गडावरून आग्र्याला निघाले, तेव्हा राज्याची जबाबदारी जिजाऊंवर होती. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे. मुलगा आणि नातू दोघेही औरंगजेबाच्या कैदेत, आणि इकडे कारभार सुरू. आपल्याकडे पोराचा फोन दोन तास लागला नाही तर घरात कुकर लागत नाही.

रांझ्याची 'ती'

भोर तालुक्यातच रांझे आहे. २८ जानेवारी १६४६ च्या पत्राने हे गाव इतिहासात गेलं. गावचा पाटील बाबाजी गुजर याने एका बाईशी बदअंमल केला. शिवाजी महाराजांचं सोळावं वर्षही अजून सरायचं होतं. त्यांनी पाटलाचे हातपाय तोडवले, पाटीलकी काढून घेतली. त्यांच्या राजमुद्रेच्या जुन्यात जुन्या पत्रांत या पत्राची गणना होते, आणि भाषणांत तर ते दर शिवजयंतीला निघतं. पण एक गंमत बघा, गंमत म्हणायची लाज वाटते तरी. गुन्हेगाराचं नाव आहे. पाटीलकी त्याच्या कोणत्या भाऊबंदाकडे गेली, तेही आहे. जिच्यासाठी हे घडलं, तिचं नाव नाही. तिची अब्रू जपायला गाळलं, असं म्हणावं तर म्हणा. मला तसं वाटत नाही. कागद वतनाचा होता, तिचा नव्हताच.

८५ विरुद्ध २९

१७०४ साली औरंगजेब स्वतः या डोंगरांत उतरला. आधी राजगड घेतला, मग तोरणा. बादशहाचं वय ८५ च्या पुढे. समोर मराठ्यांचा कारभार पाहत होत्या ताराबाई, वय २९ च्या आसपास, शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम यांच्या विधवा. आणि राजाराम जन्मले कुठे? राजगडावरच, १६७० मध्ये. सासरचा गड गेला म्हणून बाई रडत बसल्या नाहीत. त्यांच्या फौजा थेट माळव्यात घुसल्या. बादशहा १७०७ मध्ये दक्षिणेतच मेला आणि दोन्ही गड थोड्याच काळात परत मराठ्यांकडे आले.

भोरच्या आईने दिलेला पुरंदर

भोर संस्थानाचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव. संभाजीराजांचे पुत्र शाहूराजे मोगलांच्या कैदेतून परत आले तेव्हा ताराबाईंना दिलेली शपथ पाळावी की धन्याच्या वारसाकडे जावं, या पेचात त्यांनी १७०७ मध्ये जीव दिला. मागे अगदी लहान मुलगा नारो शंकर आणि त्याची आई येसूबाई. (संभाजीराजांच्या राणी येसूबाई वेगळ्या.) पुढे दमाजी थोरात या सरदाराने या मुलाला पकडून ठेवलं. पेशवे बाळाजी विश्वनाथांनी त्याला सोडवून आणलं, आणि येसूबाईंनी त्या उपकाराची फेड म्हणून पुरंदर त्यांच्या हवाली केला. पेशव्यांच्या घरात पुरंदर आला तो असा, लढाईने नव्हे, एका आईच्या शब्दाने. भोरचा राजवाडा बघायला जाणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं.

काळी चालते, पण देवळात

भोरहून अंबाडखिंडीचा घाट चढला की मांढरदेव. तालुका वाई, जिल्हा सातारा, पण भोरच्या माणसाला ती आपलीच काळूबाई. पौषातल्या यात्रेला घाट माणसांनी फुलतो. नावातच काळी असलेल्या देवीपुढे लोटांगण घालून घरी आलेली मंडळी संध्याकाळी स्थळ बघायला बसतात आणि पहिला प्रश्न काय? 'मुलगी उजळ आहे ना?' बायोडेटात 'सावळी' लिहायची वेळ आली तर 'गव्हाळ' लिहितात, निमगोरीला सरळ गोरी करतात. बरं, ज्या मुलीचा रंग मोजायचा, तिने सगळा जुलै चिखलात आणि सगळा मे उन्हात काढलेला असतो.

लावणीला यंत्र कोणतं?

कारण हे भाताचं रान. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर जाळायला शेण, पालापाचोळा पाट्या भरभरून डोक्यावरून वाहायचा. ते काम बाईचं. पावसाळ्यात रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, लावायच्या. तेही बाईचं. पूर्वी पाठीवर बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं असायचं, आता प्लॅस्टिकचा कागद असतो. दिवसभर कमरेत वाकून राहायचं, संध्याकाळी पायाच्या बोटांना चिखल्या झालेल्या. सावडीने आज हिचं शेत, उद्या तिचं.

पुरुषाच्या चिखलणीसाठी बैल गेले आणि पॉवर टिलर आला. लावणीसाठी बहुतेक खाचरांत अजून तेच जुनं यंत्र आहे: दोन हात, एक कंबर, तेल-पाणी घरच्या घरी.

रायरेश्वराच्या पठारावर तर याच्याही पुढची तऱ्हा. उंची साडेचार हजार फुटांच्या वर, आणि वर वस्ती आहे, शेती आहे, सात रंगांची म्हणून ओळखली जाणारी माती आहे. शेवटचा टप्पा लोखंडी शिडीचा. पर्यटक तिथे कठडा धरून सेल्फी काढतात. वरच्या बायका त्याच वाटेने डोक्यावर ओझं घेऊन चढतात आणि वर 'सांभाळून हं' असं आपल्यालाच सांगतात.

राजगडावर ताक, दही, लिंबू सरबत विकणाऱ्या मावश्यांचंही तेच. तुम्ही ट्रेकिंगचे बूट, काठी, पाण्याची पिशवी असा सरंजाम करून हाश्शहुश्श करत पोहोचता, तर त्या तुमच्या आधी कॅन घेऊन बसलेल्या. पायात साधी चप्पल. आपण घासाघीस करतो, एका ताकावर!

सह्या करणाऱ्या

ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने इथल्या खोऱ्यांत बायकांचे बचतगट बांधले. सुरुवातीला घरचे हसायचे, 'बायका मिळून काय करणार, भिशी?' पण एकदा बाईने कर्जाच्या वहीवर सही केली की अंगठा लावायची सवय सुटते, आणि प्रश्न विचारायची लागते. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. 'सरपंचपती' नावाचा एक नवा पदाधिकारी त्यानंतर जोमाने वाढला, हे खरं. ग्रामसभेत बाईंच्या खुर्चीशेजारी बसून तो घसा खाकरतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या सभेपासून बाई स्वतःच खाकरायला लागतात, हेही बघितलंय.

सातबाऱ्याचं प्रकरण मात्र अवघड. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये. कायदा चोख. मग हायवेच्या कडेला जमिनीचे भाव गगनाला भिडले आणि बहिणीला माहेरी बोलावून साडीचोळी देऊन हक्कसोडावर सही घ्यायचा सोहळाही वाढला. पुरणपोळी त्या दिवशी हमखास गोड असते.

एक कागद तरी बदलला आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी दाखल्यांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचं, असा राज्याचा नियम आहे. त्या हिशेबाने पुरंदरावरच्या बाळाचा दाखला आज असा निघाला असता: संभाजी सईबाई शिवाजी भोसले. धाराऊंसाठी रकाना अजून नाही.