जुन्या नाट्यगृहांचे जतन आणि आजचा प्रेक्षक

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला आहे. त्याच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाट्यकृतीतही या नगराचा उल्लेख येतो. काव्याशी आणि नाट्याशी या भूमीचे नाते असे हजार वर्षांहून जुने आहे. तथापि त्या काळातील प्रेक्षागृह आज वाशीमला पाहावयास मिळत नाही. ग्रंथांतील उल्लेख राहिले, वास्तू राहिली नाही.

वास्तू नाहीशी होण्यास शतके लागतात असे मात्र नाही. एक रात्रही पुरते. कोल्हापूरने हा अनुभव अलीकडेच घेतला. त्यापासून जे शिकावयाचे, ते राज्यातील प्रत्येक नगरपरिषदेला आणि ग्रामपंचायतीला उपयोगी पडणारे आहे.

कोल्हापूरचा धडा

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपचा प्रवास केला. तेथील क्रीडागारे व रंगमंदिरे त्यांनी पाहिली. पुढे त्यांच्या प्रेरणेने कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान आणि त्यालगत ‘पॅलेस थिएटर’ उभे राहिले. थिएटरचे बांधकाम १९१३ साली सुरू होऊन १९१५ साली पूर्ण झाले. मल्लविद्या आणि नाट्यकला या दोहोंना एकाच परिसरात राजाश्रय मिळाला. १९५७ साली या वास्तूस संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ‘ललितकलादर्श’ ही नाटकमंडळी १९०८ साली स्थापन करणारे केशवराव मूळचे कोल्हापूरचेच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहास आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. छप्पर आणि रंगमंच आगीत नष्ट झाले. लाकूड, पडदे, खुर्च्या, विजेच्या तारा अशा ज्वलनशील वस्तूंनी भरलेली वास्तू पेटल्यावर आगीला आवर घालणे किती कठीण असते, हे सर्वांनी पाहिले. नाट्यगृह पूर्वी होते तसेच पुन्हा उभारावे, अशी मागणी कलावंतांनी व नागरिकांनी केली. शासनाने निधी जाहीर केला आणि पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

‘होते तसेच’ म्हणजे नेमके कसे, हा प्रश्न येथे उभा राहतो. सज्जाचा उतार किती अंशांचा होता? रंगमंचाची उंची किती होती? भिंतीला कोणता गिलावा होता? या प्रश्नांची उत्तरे राखेतून मिळत नाहीत. ती आगीपूर्वीच्या नोंदींतून, नकाशांतून आणि छायाचित्रांतूनच मिळू शकतात.

व्हेनिस आणि मुंबई

इटलीतील व्हेनिस शहराचे ‘ला फेनिचे’ हे विख्यात संगीतनाट्यगृह १७९२ साली उघडले. २९ जानेवारी १९९६ रोजी ते भस्मसात झाले. त्या वेळी तेथे दुरुस्तीचे काम चालू होते आणि आग दोन वीजकामगारांनीच लावल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. जवळचे कालवे सफाईसाठी कोरडे केलेले असल्याने अग्निशामक नौकांना जवळ पोहोचता आले नाही. जुन्या वास्तूला दुरुस्तीच्या काळातच अधिक जपावे लागते, हा पहिला बोध यातून मिळतो. दुसरा बोध पुनर्बांधणीतून मिळतो. जुन्या छायाचित्रांबरोबरच त्या नाट्यगृहात चित्रित झालेल्या १९५४ सालच्या एका चित्रपटातील दृश्यांचाही सजावट ठरविताना आधार घेण्यात आला. डिसेंबर २००३ मध्ये नाट्यगृहाचे दार पुन्हा उघडले.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन १९११ साली झाले. पुढे तेथे चित्रपट दाखविले जाऊ लागले आणि १९९३ साली ते बंद पडले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचा जीर्णोद्धार होऊन २०१६ साली ते प्रेक्षकांसाठी पुन्हा खुले झाले. २०१७ साली या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा जतन पुरस्कार मिळाला. तेवीस वर्षे बंद असलेली वास्तूही पुन्हा नाटकासाठी उभी राहू शकते, याचे हे उदाहरण आहे.

कान आधी, डोळे नंतर

नूतनीकरण म्हटले की चकचकीत फरशी, काचेची दारे आणि नक्षीदार छत डोळ्यांपुढे येते. नाट्यगृहाचा खरा गुण मात्र कानाला कळतो. भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’च्या दुसऱ्या अध्यायात मानवांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद, म्हणजे सुमारे ९६ फूट बाय ४८ फूट, असे प्रेक्षागृह योग्य मानले. त्याहून मोठ्या गृहात उच्चार अस्पष्ट होतो आणि मुखावरील भाव दिसत नाहीत, असे कारणही त्यांनी दिले. नाट्यमंडप पर्वतगुहेसारखा, लहान खिडक्यांचा आणि वाऱ्याचा झोत नसलेला असावा, ही त्यांची सूचनाही आवाजासाठीच आहे.

आधुनिक शास्त्राने याच विचाराला माप दिले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात शब्द ऐकू येईनात, म्हणून १८९५ साली वॉलेस सॅबाइन यांनी प्रयोग आरंभिले. दुसऱ्या सभागृहातील गाद्या आणून ते मांडीत आणि आवाज विरण्यास किती वेळ लागतो ते मोजीत. या वेळेस निनादकाल म्हणतात. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे आणि ध्वनिशोषणाच्या अंकाने भागावे, म्हणजे निनादकाल सेकंदांत मिळतो.

समजा, प्रेक्षागृहाचे घनफळ ३,००० घनमीटर आणि ध्वनिशोषण ४८० एकक आहे. मग निनादकाल सुमारे १ सेकंद येतो. बोलक्या नाटकास तो योग्य होय. आता लाकडी तक्तपोशी व जाड पडदे काढून गुळगुळीत फरशी व काच बसविल्याने शोषण ३०० वर आले, तर निनादकाल १.६ सेकंदांवर जातो. एका शब्दाचा नाद विरण्यापूर्वीच दुसरा शब्द येतो आणि मागच्या रांगेतील प्रेक्षकास संवाद कळत नाही. मग ध्वनिवर्धक वाढविले जातात आणि गोंगाटात भर पडते. जुने साहित्य काढण्यापूर्वी निनादकाल मोजून ठेवावा, आणि काम झाल्यावर पुन्हा मोजावा, हा साधा नियम यासाठीच आहे.

नवे काय आणावे

जुन्याचा मान राखताना आजच्या प्रेक्षकाची सोय टाळून चालत नाही. सर्वांत पहिली बाब सुरक्षिततेची. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या नसणे हे त्या हानीचे एक मोठे कारण ठरले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते. ते केवळ कागदावर राहू नये. दारे बाहेरच्या बाजूस उघडतात काय, जिन्यात सामान रचलेले नाही ना, प्रकाशयोजनेचा भार जुन्या तारांना पेलतो काय, हे प्रत्यक्ष पाहावयास हवे.

दुसरी बाब सर्वांच्या प्रवेशाची. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मुळे उतरंड, चाकाच्या खुर्चीसाठी जागा व योग्य स्वच्छतागृह या सोयी म्हणजे उपकार नसून कर्तव्य ठरतात. तिसरी बाब कलावंतांची. स्त्री कलावंतांसाठी स्वतंत्र रंगभूषा कक्ष, स्वच्छ प्रसाधनगृहे आणि नेपथ्याचा ट्रक थेट मागच्या दारापर्यंत येईल असा रस्ता, यांवर दौऱ्यावरील नाटकमंडळी गावाची परीक्षा करतात. वातानुकूलन यंत्र बसविताना त्याची घरघर रंगमंचापर्यंत पोहोचणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

वाशीम जिल्ह्यात काय करता येईल

१ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या वाशीम जिल्ह्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके आहेत. कीर्तन, भारूड, भजन आणि बंजारा समाजाची होळीतील लेंगी यांसाठी मंदिराचा सभामंडप, शाळेचे सभागृह आणि चावडीपुढील पटांगण हीच येथील प्रेक्षागृहे आहेत. त्यांचीही नोंद झाली पाहिजे.

या कामास मोठा निधी लागत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे गट करून टेप व कागद घेऊन अशा प्रत्येक जागेची लांबी, रुंदी, उंची मोजावी, चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि बांधकामाचे साहित्य लिहून ठेवावे. तेथे कोणते खेळ होत, हे वडीलधाऱ्यांकडून ऐकून टिपावे. ग्रामपंचायतीने ही नोंद दप्तरी ठेवून तिची प्रत तालुक्यास द्यावी. नगरपरिषदांनी दुरुस्तीची निविदा काढण्यापूर्वी वास्तूचा मोजणी-नकाशा आणि ध्वनिमापन पूर्ण झाल्याची खात्री करावी. पुढे दुरुस्तीचा प्रसंग येईल तेव्हा काय राखावयाचे आणि काय बदलावयाचे, याचा निर्णय या कागदांवरून घेता येईल.

वत्सगुल्मातील रंगमंडप कसा असेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. कारण त्याचे माप कोणी लिहून ठेवले नाही. आज उभ्या असलेल्या वास्तूंविषयी पुढच्या पिढीवर तीच वेळ येऊ नये, एवढे तरी या पिढीच्या हाती निश्चितच आहे.