नदीची राखण डोंगरमाथ्यापासून

सोमाटणे हे गाव आज अनेकांना महामार्गावरील फाटा आणि वाढती गृहसंकुले यांमुळे ठाऊक आहे. परंतु महामार्गाहून कितीतरी जुनी अशी या परिसराची एक ओळख आहे, ती म्हणजे पवना नदीचे खोरे. लोणावळ्याच्या दक्षिणेस सह्याद्रीत उगम पावणारी पवना तुंग, तिकोना, लोहगड यांच्या परिसरातील पाणी घेऊन पूर्वेकडे वाहते, पिंपरी-चिंचवड ओलांडून दापोडी येथे मुळेला मिळते आणि पुढे मुळा-मुठा व भीमा यांच्या मार्गाने उजनीपर्यंत पोहोचते. या खोऱ्यातील एखाद्या शेतकऱ्याने बांध घातला किंवा एखाद्याने टेकडी कापली, तर त्याचा परिणाम त्याच्या शिवारापुरता राहत नाही. म्हणूनच नदीची काळजी ही एकट्यादुकट्याची बाब नसून संपूर्ण खोऱ्याची सामाईक जबाबदारी ठरते. ही जबाबदारी गावे एकत्र येऊन कशी पार पाडू शकतात, हे आपण या लेखात समजून घेऊ.

पाणलोट म्हणजे काय?

ज्या भूभागावर पडलेला पाऊस एकाच ओढ्याला अथवा नदीला येऊन मिळतो, तो त्या प्रवाहाचा पाणलोट. मावळात पावसाची वाण नाही. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही अनेक वाड्यांच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. आपला काळा बेसाल्ट खडक पाणी फारसे साठवत नाही आणि उतार तीव्र असल्यामुळे पावसाचे पाणी मातीसह वेगाने वाहून जाते, हे त्याचे कारण होय.

यावरचा उपाय 'माथा ते पायथा' या तत्त्वात आहे. प्रथम डोंगरमाथ्यावर समतल चर खणायचे, गवत आणि झाडे वाढू द्यायची. नंतर ओघळींत दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती आणि अगदी शेवटी ओढ्यावर नालाबांध. हा क्रम उलटा केला, तर खालचा बंधारा दोन-चार पावसाळ्यांतच गाळाने भरतो. भाताची खाचरे हीसुद्धा लहान तळीच आहेत. ती बुजवून भूखंड पाडले जातात, तेव्हा पाणी थोपवून धरणारी एक जुनी व्यवस्था नाहीशी होते.

फादर बाखर यांचे कार्य

महाराष्ट्रात हे काम लोकसहभागातून मोठ्या प्रमाणावर उभे करणाऱ्यांमध्ये एका येशूसंघीय धर्मगुरूचे नाव आदराने घेतले जाते. फादर हर्मन बाखर १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आले आणि अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी भागात त्यांनी आयुष्याचा मोठा काळ वेचला. त्यांच्या पुढाकाराने १९९२ साली भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. जर्मन सरकारचे अर्थसाहाय्य आणि नाबार्डची यंत्रणा त्यामागे होती. १९९३ साली फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था स्थापन केली. गावांना संघटित करणे आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणे हे काम तिने हाती घेतले. फादर बाखर २०२१ साली निवर्तले. संस्थेचे कार्य मात्र अनेक राज्यांत चालू आहे.

या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य त्याच्या अटींमध्ये होते. पैसा येण्याआधी गावाने श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करायची. ग्रामसभेने सर्व वस्त्यांचे आणि सर्व थरांचे प्रतिनिधी घेऊन पाणलोट समिती नेमायची. त्यात स्त्रियांना स्थान द्यायचे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि नशाबंदी यांचा संकल्प करायचा. राळेगणसिद्धीने अशा नियमांचा आदर्श पूर्वीच घालून दिला होता. श्रमदान ही कल्पनाही आपल्या शेतकऱ्याला परकी नाही. एकमेकांच्या शेतावर राबण्याची 'इर्जिक' आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतीच. येथे ती संपूर्ण गावाच्या डोंगरासाठी केली गेली.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण होय. एकेकाळी उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या या गावाने १९९० च्या दशकात आपल्या उजाड डोंगरांवर काम केले. विहिरींची पातळी वाढली, चारा मिळू लागला, रोजगारासाठीचे स्थलांतर घटले. 'वर्ल्ड रिसोर्सेस' या आंतरराष्ट्रीय अहवालाने २००५ साली या गावाच्या अनुभवाची दखल घेतली.

त्याग कोणाचा, पाणी कोणाला?

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो आणि आमच्या मते तोच या विषयाचा गाभा आहे. चर डोंगरमाथ्यावर खणले जातात. पाणी मात्र पायथ्याच्या विहिरींना लागते. चराईबंदी झाली की पहिली झळ बसते ती शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला. त्याच्या त्यागातून वाढलेले पाणी पायथ्याच्या बागाईतदाराच्या शेतात जाते. गवत पुन्हा वाढेपर्यंत त्या कुटुंबाने काय खायचे? म्हणूनच जाणत्या कार्यकर्त्यांनी चराईबंदी एकदम न लादता डोंगराच्या एकेका भागावर टप्प्याटप्प्याने लागू केली, कापून नेण्यासाठी गवत खुले ठेवले आणि कामावरील मजुरीत गरजूंना वाटा दिला. जेथे ही दक्षता घेतली गेली नाही, तेथे बांध उभे राहिले, परंतु गाव दुभंगले.

याच प्रश्नाला पुणे जिल्ह्यातच एक धीट उत्तर दिले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे काम सुरू केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर वाटायचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क होता आणि उसासारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकाला मज्जाव होता. पाणी अडवण्याइतकेच ते वाटणे महत्त्वाचे आहे, हा धडा या चळवळीने घालून दिला.

पवनेच्या काठी

आता पुन्हा मावळाकडे वळू. १९७२ साली पूर्ण झालेल्या पवना धरणात सुमारे साडेआठ टीएमसी पाणी साठते. या पाण्यावर पिंपरी-चिंचवडचे लक्षावधी नागरिक अवलंबून आहेत. धरणातून नदीत सोडलेले पाणी शहरासाठी रावेत येथे उचलले जाते. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांच्यापैकी अनेकांचे पुनर्वसन मात्र दशकानुदशके रखडले. पुढे धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याची योजना आली. गळती आणि प्रदूषण टळेल, असे शहराचे म्हणणे होते; नदीतून वाहणारे पाणी नळात गेले तर काठच्या विहिरी व उपसा योजना कोरड्या पडतील, अशी शेतकऱ्यांची भीती होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि एका महिलेसह तिघांना प्राण गमवावे लागले.

या दुःखद घटनेकडे राजकारणापलीकडे जाऊन पाहिले पाहिजे. माथ्यावरची माणसे आणि पायथ्याची माणसे एका पंगतीस बसून बोलत नाहीत, तेव्हा पाणी वैराचे कारण होते. दरेवाडीत हा संवाद एका गावापुरता होता. पवनेच्या खोऱ्यात तो धरणग्रस्त, भातशेतकरी, फुलशेती करणारे उद्योजक, गृहसंकुलांतील रहिवासी आणि शहरातील नागरिक यांच्यात व्हावा लागेल. तो अधिक कठीण आहे, पण अशक्य नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्यायोग्य शुद्ध पाणी हा प्रत्येक मानवाचा मूलभूत हक्क असल्याचे नि:संदिग्धपणे सांगितले आहे. आपण धर्मग्रामस्थांनी हा हक्क केवळ आपल्या नळापुरता मानू नये. आपल्यापैकी जे शेती करतात, त्यांनी ग्रामसभेला उपस्थित राहून आपल्या ओढ्याचा माथा कोठे आहे आणि तेथे काय चालले आहे, हा विषय मांडावा. जे गृहसंकुलांत राहतात, त्यांनी आपले सांडपाणी कोणत्या ओढ्याला मिळते याची सोसायटीच्या सभेत चौकशी करावी. युवकांनी उन्हाळ्यात एक दिवस शेजारच्या गावच्या श्रमदानाला द्यावा. आणि कोणताही निर्णय घेताना, यात सर्वाधिक सोसणार कोण, हे आधी त्या माणसालाच विचारावे. परमपित्याने पाऊस सर्वांसाठी दिला आहे. त्याची राखण आणि वाटणी न्यायाने करण्याची सद्बुद्धी तो आपणा सर्वांना देवो.